शेषनागाला सोडा, भिंतीकडे बघा

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी भागात जमीन हलली. तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळीही त्याच भागात एवढाच धक्का बसला होता. आम्ही राहतो जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे. आमच्याकडे तो धक्का जाणवला की नाही, यावरच गल्लीत वाद. एक म्हणतो कपाटावरचे डबे वाजले, दुसरा म्हणतो डबे मांजरानं पाडले. पण आठ वाजायच्या आत गल्लीत तीन निकाल लागले होते. पहिला, पाप फार वाढलं. दुसरा मोबाईलवरून आला, आज रात्री अकरा ते एकच्या दरम्यान यापेक्षा मोठा झटका येणार, 'नासा'नं सांगितलंय, सगळ्यांना पाठवा. तिसरा निकाल चहाच्या टपरीवरच्या शहाण्यांचा, अरे आपण काळ्या पाषाणावर बसलोय, जालन्याला काही होत नसतं.

त्या रात्री दोन घरची माणसं लेकरं पोत्यात गुंडाळून पावसात ओट्यावर बसली. अकरा वाजले, एक वाजला, काही झालं नाही. सकाळी लेकरं शिंकत शाळेत गेली. अफवा पाठवणाऱ्याला कोणी विचारलं नाही, आणि पुढच्या वेळी तो पाठवील तेव्हाही विचारणार नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्याला, तेव्हा मोबाईल कोणाच्या हातात होते? तरी दुपारपर्यंत आमच्या गल्लीत दूध मिळेनासं झालं होतं. तेव्हा दोष यंत्राला देऊन चालणार नाही.

या तिन्ही निकालांवर आज लिहायचं आहे. पण फक्त इतरांना हसण्यासाठी नाही. आम्ही आंबेडकरी घरातले. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव कुंडलिकेत सोडले. आमच्या घरात शेषनागाचं चित्र नाही. तरीही आम्ही भूकंपाच्या बाबतीत किती आंधळे निघालो, ते शेवटी सांगणार आहोत.

आधी शेषनाग. पृथ्वी त्याच्या फण्यावर आहे, त्यानं मान हलवली की भूकंप होतो, ही गोष्ट आम्ही लहानपणी पारावर ऐकली. शेजारच्या खालाच्या घरी पृथ्वी बैलाच्या शिंगावर होती. बैल थकला की एका शिंगावरून दुसऱ्या शिंगावर घेतो, तेव्हा जमीन हलते. आम्हा पोरांचं त्यावर भांडण व्हायचं, नाग खरा की बैल खरा. जपानी लोकांच्या गोष्टीत जमिनीखाली एक मोठा मासा आहे. जगात जिथं जिथं जमीन हलते तिथं लोकांनी एखादं जनावर खाली बसवलेलं दिसतं. माणसाला कारण हवं असतं, ते मिळेपर्यंत तो गोष्ट रचतो, त्यात वाईट काही नाही. वाईट पुढं होतं. गोष्टीतला नाग उगाच मान हलवत नाही, त्याला माणसांचं पाप जड होतं, असं सांगितलं जातं. इथून ही गोष्ट लेकरांची राहत नाही, पुरोहिताची होते. पाप कोणाचं हे तोच ठरवणार, आणि शांतीचा खर्चही तोच सांगणार.

अण्णाभाऊ साठेंनी १९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात या शेषाला बाजूला सारून पृथ्वी नेमकी कोणाच्या हातावर उभी आहे ते सांगितलं. ते वाक्य आपल्या पोरांना पाठ आहे, म्हणून इथं पुन्हा लिहीत नाही. पण पाठ असणं वेगळं आणि घर बांधताना आठवणं वेगळं.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. माणसं थकून झोपली होती. आम्ही भावंडं तेव्हा शाळेत होतो. आजीनं हाताला धरून ओढत बाहेर काढलं एवढंच आठवतं. मांडणीवरची भांडी किणकिणत होती, गल्लीतली कुत्री भुंकत होती, कोणीतरी घंटा वाजवत होतं. वडील रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला. सकाळी घरी आले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. मिलची जमीन रात्रभर हलतेच, म्हणाले, आम्हाला कसं कळणार?

दुपारपर्यंत रेडिओवर गावांची नावं येऊ लागली. किल्लारी, सास्तूर. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जमीनदोस्त झाली होती. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा, बाकीचे अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात. आमची मावशी उमरग्याकडच्या एका गावात दिलेली. तिचा पत्ता लागेना. अख्ख्या मराठवाड्यातून भाकरीचे ट्रक तिकडं निघाले होते, त्यातल्या एकात वडील बसले. आठ दिवसांनी परत आले. मावशी जिवंत होती, तिची लेकरं जिवंत होती. पण वडील कितीतरी दिवस जेवताना मध्येच थांबायचे.

त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात आजही सांगितलं जातं. मावशीचं गाव म्हणजे मधे मोठे वाडे, दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. गावाबाहेर आपली वस्ती, तिथं कुडाच्या भिंती आणि पत्रे किंवा पाचट. पहाटे वाडे बसले. माणसं मातीखाली गेली, बरीचशी गुदमरून मेली. वस्तीतल्या झोपड्या वाकल्या, काही पडल्या, पण पडलेल्या पाचटाखालून लेकरू हातानं बाहेर काढता येतं. मावशीचे दीर आणि वस्तीतले बाकीचे गडी उजाडायच्या आधी गावात धावले. ज्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत त्यांना कधी पाय ठेवता आला नव्हता, त्या वाड्यातली माणसं त्यांनी नखांनी माती उकरून काढली.

यावरही एक गोष्ट तयार झाली. देवानं गरिबाला राखलं, मालकांना शिक्षा दिली, असं आमच्याच नात्यातली माणसं म्हणू लागली. ऐकायला गोड वाटतं. पण विचार करा. झोपडी वाचली कारण ती हलकी होती. ती हलकी होती कारण दगडी घर बांधायची आपली ऐपत नव्हती. त्यात कोणाची कृपा नव्हती. त्याच हलक्या झोपड्या १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत काडी लावताच पेटल्या होत्या, तेव्हा हा राखणारा कुठं गेला होता? आणि वाड्यात मेली ती फक्त मालकाची माणसं नव्हती. त्यात सालगडी होते, लेकरं होती, आदल्याच दिवशी माहेरपणाला आलेल्या लेकी होत्या.

मेलेल्या माणसाच्या अंगावर पाप चिकटवायची ही खोड फक्त अडाण्यांची नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला, दहा हजारांवर माणसं गेली. गांधीजी तेव्हा हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्यांनी जाहीर सांगितलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी लेखी विरोध केला, निसर्गाच्या घटनेला नीतीचं कारण जोडू नका, म्हणून. अस्पृश्यता हे पापच होतं, त्यावर आमचा आणि गांधीजींचा वाद नाही. वाद हा आहे की बिहारच्या त्या ढिगाऱ्याखाली दुसाध आणि चांभार मेले नाहीत का? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या अन्यायाची शिक्षा, हा कुठला न्याय? आणि आज आम्ही हे मान्य केलं, की उद्या कोणी उठून म्हणेल की शिवाशिव सोडली म्हणून धरणी कोपली. दोन्ही वाक्यांना पुरावा सारखाच, म्हणजे काहीच नाही. आपल्या बाजूची म्हणून अंधश्रद्धा पोसायची नसते.

मग खरं कारण काय? आपला देश ज्या खडकाच्या प्रचंड तुकड्यावर आहे तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडं सरकतो आणि आशिया खंडाला रेटतो. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. पण ताण फक्त कडेला साठत नाही, आतही साठतो. दख्खनचा काळा पाषाण वरून कितीही घट्ट दिसला तरी त्याच्याखाली फार जुन्या भेगा आहेत. एखादी भेग ताण सहन न होऊन सरकते. किल्लारीला ती अगदी उथळ सरकली, म्हणून एवढा विध्वंस. 'पाषाणावर बसलोय' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १९९३ पर्यंतच्या सरकारी नकाशात किल्लारीचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातल्या सर्वात सुरक्षित भागात! २००२ च्या नकाशात झोन एक काढूनच टाकला आणि तो भाग तीनमध्ये गेला. आपलं जालना त्या नकाशात दोनमध्ये, म्हणजे त्यातल्या सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. कमी धोका म्हणजे धोका नाही, असा अर्थ आम्ही काढला. किल्लारीच्या लोकांनीही तेच केलं होतं.

शिकलेल्या माणसांच्याही अफवा असतात. छोटे छोटे झटके बसले की आतली शक्ती निघून जाते, मोठा येत नाही, हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. हिशेब करा. तीव्रतेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. हिंगोलीचा ४.५ आणि किल्लारीचा ६.२ यांत साडेतीनशे पटींचा फरक आहे. एक किल्लारी टाळायला हिंगोलीसारखे साडेतीनशे झटके लागतील. आणि किल्लारीत तर १९९२ च्या ऑगस्टपासून झटके बसतच होते, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक चांगला जोराचा होता. वर्षभरानं मोठा आलाच. उलटंही खरं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात कितीतरी वर्षं जमिनीतून आवाज येतात, लोक रात्र रात्र बाहेर काढतात, पण म्हणून तिथं उद्या किल्लारी होणार असं कोणी सांगू शकत नाही. भूकंपाची तारीख आणि वेळ सांगण्याची विद्या जगात अजून कोणाकडेच नाही, नासाकडेही नाही आणि पंचांगातही नाही. धरणामुळे भूकंप होतो म्हणणारे अर्धे बरोबर असतात. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडलेला आहे हे शास्त्रज्ञ मानतात. पण म्हणून प्रत्येक तलावाकडे बोट दाखवता येत नाही.

भूकंप थांबवता येत नाही आणि त्याची वेळही सांगता येत नाही. मग आपल्या हातात राहिलं काय? राहिली भिंत. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली आणि आमच्या गल्लीत निळ्या गुलालात पोरं नाचली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजला भूकंप झाला. वेळ तशीच, पहाटे साडेचारची. तीव्रता ६.७, म्हणजे किल्लारीपेक्षा पाच-साडेपाच पट ऊर्जा, आणि तीही लाखोंच्या शहराखाली. मेले साठच्या आसपास. तिथल्या लोकांचं पाप कमी होतं का? घरं लाकडी सांगाड्याची आणि नियमानं बांधलेली होती. हा एक आकडा सगळ्या शेषनागांना पुरेसा आहे.

आता ज्या भागावर आम्हाला सगळ्यात जास्त राग आहे त्याकडे येतो. किल्लारीनंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, पक्की घरं बांधली गेली. चांगलंच झालं. पण पूर्ण उद्ध्वस्त गावांत घर किती मोठं मिळेल हे कशावर ठरलं? जमिनीवर! भूमिहीन आणि अगदी अल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्यांना ७५०. कारण असं दिलं जातं की शेतकऱ्याला धान्य, अवजारं, जनावरं ठेवायला जागा लागते. मान्य. पण आमच्या मावशीच्या घरात सात माणसं होती आणि वाड्यातल्या एका घरात उरली होती तीन. मराठवाड्यात जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या नाही, हे काय आम्ही सांगायचं? धरणीनं पहाटे सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, फूटपट्टीनं पुन्हा आपापल्या जागी बसवलं. आणि अनेक नव्या गावांत गल्ल्या पडल्या त्याही जातीनुसारच. आराखडा नवा, रस्ते काटकोनात, पण मावशीची रांग पुन्हा गावाच्या टोकाला. सिमेंटचा महारवाडा, असं ती म्हणायची.

तरी त्या २५० फुटांनी एक काम केलं. मावशी म्हणायची, छत डोक्यात पडणार नाही एवढं तरी आहे. आम्हाला जालन्यात बसून तेवढंही म्हणता येत नाही.

कारण आता आमच्या घराची गोष्ट. त्याआधी एक कबुली धम्माची. शेषनागावर हसणाऱ्या आपल्या पोरांना आम्ही सांगतो की दीघनिकायातलं महापरिनिब्बान सुत्त काढून वाचा. भूकंपाची आठ कारणं त्यात दिली आहेत. पहिलं कारण असं की पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर, वारा हलला की पाणी हलतं आणि जमीन हलते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा अंदाज चुकीचा आहे, पण त्याचा रोख बरोबर आहे, त्यात कोणाचं पाप नाही. पुढची बहुतेक कारणं मात्र बोधिसत्त्वाच्या जन्माची, संबोधीची, परिनिर्वाणाची आहेत. ती तशीच्या तशी खरी मानायची का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना बुद्धाच्या नावावर खपवलेलं काय घ्यायचं आणि काय नाही याची कसोटीच दिली, जे बुद्धीला धरून नाही ते बुद्धाचं नाही. आपण मात्र दुसऱ्याचा नाग मारतो आणि आपल्याकडच्या गोष्टीला हात जोडतो. हे आम्ही एका वर्षावास प्रवचनानंतर बोललो तेव्हा दोन ज्येष्ठ उपासक रागावले. अजून नीट बोलत नाहीत.

आमचं घर मूळचं दोन खणांचं, दगडमातीचं, वर माळवद. २००९ मध्ये पुढचा भाग पाडून विटांचा केला, वर स्लॅब टाकला. काही वर्षांनी त्यावर एक खोली चढवली. वास्तुशांती केली नाही, भटजी बोलावला नाही, याचा आम्हाला अभिमान. बुद्धवंदना घेतली आणि दोनशे माणसं जेवू घातली. पुढच्या भिंतीला ग्रॅनाइट लावला. तेव्हा आमच्या मिस्त्रीमामांनी विचारलं होतं, कॉलम टाकायचे का? कोपऱ्यात उभी सळई घ्यायची का? दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना एक सलग काँक्रीटचा पट्टा फिरवून घेऊ का? आम्ही खर्च विचारला. मामांनी सांगितला. आम्ही म्हणालो, राहू द्या मामा, जालन्यात कुठं भूकंप होतो?

हे वाक्य आमचं आहे. किल्लारीची मावशी असलेल्या, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणाऱ्या माणसांचं.

आणि हे कुठं बोललो? जालन्यात! इथल्या एमआयडीसीत भंगार वितळतं, बिलेट पडतात, त्यांच्या सळया होतात आणि महाराष्ट्रभर जातात. आमच्या वडिलांनी तिशीपासून साठीपर्यंत लाल तापलेली सळई चिमट्यानं धरली. डाव्या हातावर अजून डाग आहेत. हल्लीच्या सळईवर '५०० डी' असं उमटवलेलं असतं. त्यातल्या 'डी'चा अर्थ असा की ती तुटायच्या आधी जास्त ताणली जाते. भूकंपात हाच गुण लागतो. घर वाकलं तरी चालेल, पण मोडून अंगावर येऊ नये. मुंबई-पुण्याच्या टॉवरला तो गुण पुरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या भिंतीत एक सळई नाही. आणि हे फक्त आमचं नाही. तुम्ही मस्तगडावरून खाली या आणि आपल्या वस्त्या बघा. चार इंची भिंत, वर स्लॅब, स्लॅबवर अजून एक मजला, त्याच्यावर पाण्याची टाकी. घरकुलाचे हप्ते रखडत येतात, तसं बांधकाम तुकड्यातुकड्यानं होतं, आणि कमी पडणाऱ्या पैशात सगळ्यात आधी कापली जाते ती सळई, कारण ती दिसत नाही. फरशी दिसते.

जयंतीला वर्गणी काढतो, कमान उभी करतो, डीजे लावतो. ते करू नका असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही नाचलोय. पण वस्तीतल्या एका तरी म्हाताऱ्या विधवेच्या घराची भिंत वर्गणीतून बांधून घेतली, असं आम्ही या शहरात अजून ऐकलं नाही. कोणी केलं असेल तर कळवा, आम्ही आनंदानं चूक मान्य करू.

जुलैच्या त्या सकाळनंतर घरातल्या धाकट्या पोरीनं विचारलं, आपलं घर पडेल का? आम्हाला उत्तर येईना. मग समाजातल्याच एका तरुण इंजिनिअरला बोलावलं. तो हातोडी घेऊन तासभर भिंती ठोकत फिरला. मागची भिंत अजून जुनी दगडाचीच आहे आणि नव्या स्लॅबचं एक टोक तिच्यावर टेकवलेलं आहे, हे त्यानं दाखवलं. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण आत दोन पाळी असतात आणि मधे माती-चिपांचा भराव. दोन्ही पाळींना बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात भिंत फुगते, पोट काढते आणि फुटते. किल्लारीत हेच झालं. वर, त्याच भिंतीच्या माथ्यावर आम्ही हजार लिटरची टाकी ठेवली होती. हजार लिटर म्हणजे एक टन, दादा, तो म्हणाला. आमची मान खाली.

त्यानं सांगितलेली कामं अशी. टाकी आधी खाली घ्या. मागच्या खणावर उरलेल्या माळवदाची माती कमी करा, दरवर्षी गळतं म्हणून आपण थर चढवत जातो आणि वजन वाढत जातं. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून सळईचा तुकडा टाकून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पाळी एकमेकींना धरतील. दारावरच्या उंचीवर आतून-बाहेरून लोखंडी जाळीचा पट्टा ठोकून त्यावर सिमेंटचा गिलावा, कोपऱ्यांत तोच पट्टा उभा. कपाट भिंतीला क्लँप करा. नवं बांधत असाल तर कोपऱ्यात उभी सळई आणि जोत्यावर, दारांवर, छताखाली असा सलग पट्टा, एवढ्याला तडजोड नको. कॉलमच्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटमध्ये वळवलेली हवीत. नुसती काटकोनात वाकवली तर झटक्यात उघडतात. सेंट्रिंगवाला घाईत तसंच करतो, उभं राहून बघा.

आणि धक्का बसलाच तर? दाराच्या चौकटीत उभं राहा असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. दगडमातीच्या घरात वरची पट्टी आणि दगड तिथंच पडतात. मातीचं घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर उघड्यावर जा, गल्ली अरुंद असेल तर भिंतीला खेटून थांबू नका. पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडं पळू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका, पाय धरून बसा.

मिस्त्रीमामा आता पासष्टीचे आहेत. आम्ही त्यांच्याकडं गेलो आणि पंधरा वर्षांपूर्वीचं बोलणं काढलं. ते म्हणाले, मी सगळ्यांनाच विचारतो, सगळे नाहीच म्हणतात, तुम्ही एकटे कशाला वाईट वाटून घेता. टाकी दुसऱ्याच दिवशी खाली आली. दोन खेपा माती माळवदावरून उतरवली. जाळीच्या पट्ट्याचं काम पैशापायी दिवाळीनंतर ढकललं आहे. पट्ट्यासाठी लागणाऱ्या सळईचा वडिलांनी स्वतः हिशेब मांडला आणि कोणत्या दुकानातून घ्यायची नाही तेही सांगितलं. तोवर आईची खाट मागच्या भिंतीपासून काढून दाराजवळ आणली आहे. तिला तिथं रस्त्याच्या आवाजानं झोप लागत नाही, रोज कुरकुर करते.

जयभीम.